अकरावी मूठ

त्या श्रावणात आपल्या घरी कानबाई बसवायची नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाजवळ बोलले नव्हते एवढंच. माझे यजमान अडीच महिन्यांपासून अंथरुणावर होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, आणि नाकातून पोटात उतरलेल्या नळीतून त्यांना दूध, डाळीचं पाणी, पातळ पेज असं काहीबाही जात होतं. ज्या देवीपुढे पस्तीस वर्षं पुरणाचा नैवेद्य मांडला, तिने माझ्या घरातल्या खवय्या माणसाचंच तोंड बंद करावं? खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच आला होता. देवघरात दिवा लावायचे, पण कानबाई म्हणून जो नारळ पुजतो, त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

त्या रागात थोडी लाजही मिसळलेली होती. दोंडाईचात नऊ वर्षं मी बायकांचा सकाळचा योगवर्ग घेत होते. श्वास कसा घ्यावा, मीठ किती खावं, मन शांत कसं ठेवावं, सगळं मी लोकांना शिकवायचे. कुणाच्या नवऱ्याची साखर वाढली, कुणाच्या सासूचे गुडघे दुखले की माझा सल्ला तयार. आणि माझ्या स्वतःच्या घरात यांची रक्तदाबाची गोळी महिनाभर डबीत तशीच पडून होती, याचा मला पत्ता नव्हता. हे मिरचीच्या मार्केटात पारखी होते. मिरची नुसती मोडून, वास घेऊन, बी जिभेला लावून ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून निसटला आणि मी आधी ओरडले की लक्ष कुठे आहे तुमचं. ते माझं शेवटचं वाक्य, ज्याला त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. ते मी अजून विसरू शकलेले नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून आम्ही घरी आलो. गिळणं शिकवणाऱ्या एक बाई तिथे होत्या. त्यांनी तपासून सांगितलं की घसा पूर्ण गेलेला नाही, हलतो आहे. यांना सरळ बसवून, हनुवटी खाली ठेवून, अर्धा अर्धा चमचा घट्ट पदार्थ देऊन बघत जा, पाणी मात्र नको. आम्ही रोज बघायचो. पण हे तोंडच उघडत नसत. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे मान फिरवायचे. माझं गोंजारून झालं, रागावून झालं, मुलाचं हात जोडून झालं. काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, राखीपौर्णिमेनंतर घेऊन या, तोवर तोंडाने काही सुरू झालं नाही तर पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवू. कायमची हा शब्द ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती.

या सगळ्यात आमच्या घरात एक माणूस होता, ज्याच्याबद्दल खरं तर मला लिहायचं आहे. गौतमभाऊ. वय पन्नासच्या पुढचं, शिंदखेड्याकडच्या एका बौद्ध घरातले. वीस-बावीस वर्षं दवाखान्यात वॉर्डबॉयचं काम करून आता घरोघरी आजाऱ्यांची शुश्रूषा करायचे. मुलाने त्यांना शोधून आणलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, की परका माणूस दिवसभर घरात कशाला. पण त्यांचं काम बघत राहावं असं होतं. कूस बदलण्याआधी ते यांना सांगायचे, ‘नाना, आता डावीकडे वळू या.’ अंग पुसण्याआधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचे. बेशुद्धासारख्या पडलेल्या माणसाशीसुद्धा ते मार्केटातल्या भावाच्या गप्पा मारायचे, आणि उत्तराची वाट बघितल्यासारखे मध्ये थांबायचे. यांच्या पाठीला दोन महिन्यांत एकही जखम झाली नाही. मी नऊ वर्षं ज्याला ध्यान म्हणत होते, ते हा माणूस बेडपॅन धुताना करत होता, असं आता म्हणावंसं वाटतं. तेव्हा हे मला दिसत होतं, पण कबूल करायला जीभ उचलत नव्हती.

आमच्या घराने आणखी एक गोष्ट केली होती, दयेपोटी. यांना खाता येत नाही, मग त्यांच्यासमोर कुणी खायचं नाही, असा मी नियम घातला. स्वयंपाकघराचं दार लावून आम्ही चोरासारखे जेवायचो. फोडणीचा वास जाऊ नये म्हणून भाज्या उकडून करायचे. नातू बिस्कीट खात खोलीत गेला तर त्याला धपाटा बसायचा. गौतमभाऊंनाही मी बजावलं होतं की डबा मागच्या ओट्यावर बसून खा. एकदा ते हळूच म्हणाले, ‘अक्का, माणूस दुसऱ्याला खाताना बघतो तेव्हाच त्याला भूक आठवते. तुम्ही नानांपासून जेवण लपवता, त्याने त्यांना वाटत असेल आपण या घरातून निघालो.’ मी फटकन म्हणाले, ‘तुम्ही तुमचं काम करा.’  त्या दिवशीही त्यांनी यांच्या पायांना तेल तितक्याच मायेने चोळलं.

श्रावण लागला आणि माझ्या सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो, कानबाईचा विषय काढला. माय चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पाठ वाकलेली, पण शब्द सरळ. आयुष्यभर अहिराणी बोलल्या, माझ्याशीसुद्धा. ‘लेकरू आजारी शे म्हणीसन माय घर येवानी नही का?’ एवढंच म्हणाल्या. आजारी लेकराच्या घरी आई यायची थांबते का, असा तो प्रश्न. कानबाई बसवायचं ठरलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना रोटाची रीत सांगायला हवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला नदीवर पोहोचवतात. तिच्यासाठी जो रोट, म्हणजे नैवेद्याची पोळी, करायचा, त्याचे गहू आमच्या घरात माणशी सव्वा मूठ मोजतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि एक भरली मूठ व वर पावमूठ सुपात टाकायची. मोजताना नावाखेरीज दुसरं अक्षर बोलायचं नाही, आणि कुणी मध्ये टोकायचंही नाही. ते दळायला न्यायचे, त्यासाठी गिरणीवाला त्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो. त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचं. परक्याला द्यायचं नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा चालत नाही, कारण तिच्या नावाची मूठ आता दुसऱ्या घरात पडते. माझ्या दोन्ही नणंदा सणाला आल्या की मायने त्यांना साधी पोळी वेगळी लाटून दिलेली मी पाहिली आहे. इतकी ती रीत करडी.

गहू मोजायच्या दिवशी आधी वाद झाला. माझे धाकटे दीर, मनाने वाईट नाहीत, पण व्यवहारी. म्हणाले, ‘वहिनी, नानांच्या नावाची मूठ मोजायची का? रोट त्यांना जाणार नाही, आणि दुसऱ्याच्या वाट्याचा आपण संपवायचा हे बरं दिसत नाही. या वर्षी राहू द्या.’  आमच्याकडे कुणाची मूठ गळते, तर जो गेला त्याची. सासऱ्यांच्या पहिल्या श्रावणात मायने त्यांचं नाव गिळून पुढचं घेतलं, तेव्हा मायचा आवाज कसा फाटला होता ते मला आठवत होतं. मी म्हटलं, ‘माणूस खोलीत श्वास घेतो आहे भाऊजी, आणि त्यांना मी माझ्या हाताने वगळू? नळीतून गेला तर नळीतून जाईल.’ नळीतून रोट जात नाही हे मला ठाऊक होतं. पण मी हट्टाला पेटले होते. न्हाऊन, ओल्या केसांनी मी गव्हापुढे बसले.

आमच्या जाऊबाई एकेका नावाला ताटलीत हरभऱ्याचा एक दाणा टाकत होत्या, मोजदाद चुकू नये म्हणून. मी आधी मायचं नाव घेतलं, मग यांचं घेताना डोळे भरून आले आणि सगळं पुसट झालं. तशीच पुढची नावं घेत गेले. संपलं तेव्हा जाऊबाई दाणे मोजून माझ्याकडे बघायला लागल्या. अकरा दाणे होते. घरात माणसं दहा.

‘हाई अकरावी मूठ कोनी शे?’ मायने विचारलं. कुणाची, ते मी दाण्यांकडे बघत आठवू लागले. जाऊबाई चाचरत म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही नानांच्या पाठोपाठ गौतमभाऊ म्हणालात. मला वाटलं मुद्दाम म्हणताय, आणि मध्ये बोलायचं नसतं ना.’  ते खरंच होतं. दोन महिने माझ्या तोंडात ही दोन नावं जोडीनेच होती. नाना उठले का गौतमभाऊ, गौतमभाऊ, नानांना ताप नाही ना. त्या क्षणी जीभ सवयीने चालली आणि हाताने मूठ भरली. गहू तर एकमेकांत मिसळून गेले होते, आणि नाव घेतलेलं धान्य परत पोत्यात जात नाही.

दीर म्हणाले, गाईला घालू. जाऊबाई म्हणाल्या, नदीत सोडू. मी कपाळाला हात लावून बसले, की या वर्षी काही धड होणार नाही. आणि माय, ज्यांनी पोटच्या पोरींना रोट दिला नाही, त्या सुपातल्या गव्हांवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘मी मोजी नही, तू मोजी नही. तिनी मोजी. ज्यानं नाव, त्यानं धान्य.’ ज्याचं नाव घेतलं, धान्य त्याचंच. बस, विषय संपला. कानबाईनेच मोजलं म्हटल्यावर दिरांनीही मान खाली घातली.

आता गौतमभाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. दोन महिने त्या माणसाचा कप आमच्या घरात वेगळा होता. खिडकीच्या कोनाड्यात, पालथा. आजाऱ्याच्या खोलीत वावरणारा माणूस, म्हणून स्वच्छतेसाठी वेगळा, असं मी स्वतःला सांगत होते. पण आजाऱ्याच्या खोलीत मीही वावरत होते, आणि माझा कप मांडणीवर सगळ्यांबरोबर होता. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा ही गोष्ट मला लख्ख दिसली. त्यांना ती पहिल्या दिवसापासून दिसत असणार. रोटाचं सांगता सांगता मी त्या कपाचंही बोलून टाकलं. मी म्हणाले, चुकलं माझं.

त्यांनी हातातल्या टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाले, ‘अक्का, मी देवी मानत नाही. पूजेला उभा राहणार नाही, आरतीला हात जोडणार नाही, हे आधीच सांगतो. पण माझं नाव घेऊन कुणी धान्य मोजलं असेल, तर त्या अन्नाचा अपमानही करणार नाही.’ मग ती घडी बाजूला ठेवून, ‘एक अट आहे. मी ओट्यावर खाणार नाही. नानांच्या शेजारी बसून खाईन. त्यांच्याही नावाची मूठ आहे ना त्यात? मग आम्ही दोघं बरोबर बसू.’ कपाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे आता तोंडच नव्हतं.

सोमवारी कानबाईला नदीवर पोहोचवून आम्ही परतलो. दुपारचं ऊन होतं, दारातली रांगोळी पायांनी फिसकटलेली. मी ताट वाढलं. रोटाच्या पिठाची पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मी आमटीला मिरचीची खमंग फोडणी दिली होती आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. गौतमभाऊंनी यांना उशा लावून सरळ बसवलं, शेजारी स्टूल ओढलं आणि ताट मांडीवर घेतलं. घाई नाही, संकोच नाही. पोळी मोडली, आमटीत बुडवली, शांतपणे चावली. खाताना नेहमीसारखं यांच्याशी बोलणं चालूच. ‘नाना, मिरची झणझणीत आहे, पण कुठली ते मला कळत नाही बुवा. तुम्ही असता तर लगेच सांगितलं असतं.’

आम्ही सगळे दारात उभे होतो. हे आधी भिंतीकडेच बघत होते. मग वासाने असेल, आवाजाने असेल, मान हळूहळू वळली. गौतमभाऊंच्या हातापासून तोंडापर्यंत, तोंडापासून ताटापर्यंत त्यांची नजर जाऊ-येऊ लागली. घशाचा मणी एकदा वर-खाली झाला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. गौतमभाऊंनी ती पुसली नाही, फक्त खाणं थांबवलं. आणि यांचा डावा हात चादरीवरून निघाला, सरकत सरकत आला, आणि ताटाच्या काठावर येऊन टेकला.

‘पाहिजे?’ त्यांनी विचारलं. आणि माझ्या नवऱ्याने दोन महिन्यांनी तोंड उघडलं.

मी धावणार होते. गौतमभाऊंनी नजरेनेच मला थोपवलं. हात धुऊन आले, पोळीचा मऊ तुकडा घट्ट खिरीत पूर्ण कुस्करला, अर्धा चमचा घेतला, यांची हनुवटी हलकेच खाली केली. मग वाट बघितली. मला ती वाट एका जन्माएवढी वाटली. घसा हलला, आणि घास खाली गेला. ठसका नाही. पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा वाट. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खात होते. दीर तोंड फिरवून अंगणात निघून गेले. सहावा का सातवा चमचा झाला तेव्हा दारातून मायचा आवाज आला, ‘पुरं आते. थकी जाई तो.’ तेव्हा कुठे मला आठवलं की मी उभी आहे आणि मला बसायला हवं.

पुढे धुळ्याचे डॉक्टर म्हणाले की अशा आजारात गिळणं साधारण एवढ्या दिवसांत परततंच पुष्कळांचं. म्हणाले असतील, आणि तसंच असेल. गौतमभाऊही म्हणतात, नानांचा घसा तयार होता, मन तयार नव्हतं. मला कुणाशी वाद घालायचा नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या हुशारीने, माझ्या नियमांनी, माझ्या दयेनेसुद्धा जे दार मी आतून लावून घेतलं होतं, ते माझ्या एका चुकीने उघडलं. मी ठरवून मोजलं असतं तर दहाच मुठी भरल्या असत्या. ज्या हाताला मी माझा समजत होते, तो त्या दिवशी माझं ऐकत नव्हता, आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

पौर्णिमेपर्यंत रोज दुपारी दोघं एकत्र जेवले. यांना कुस्करलेला रोट, त्यांना अख्खा. गौतमभाऊ आता स्वयंपाकघरातून आपल्या हाताने ताट घेत. राखीच्या दिवशी पिठाचा शेवटचा रोट निघाला. डॉक्टरांना फोनवर कळवल्यावर पोटाच्या नळीचं तोपर्यंत रद्द झालं होतं. नाकातली नळी आणखी काही दिवसांनी निघणार होती. त्या दुपारी यांनी आपला वाडगा तसाच ठेवला आणि डाव्या हाताने गौतमभाऊंच्या ताटातला रोट मोडायला घेतला. आम्हाला वाटलं, अख्खा तुकडा खायचा हट्ट आहे, आणि मी अडवायला पुढे झाले. पण त्यांनी घास स्वतःच्या तोंडाकडे नेलाच नाही. तो त्यांनी गौतमभाऊंच्या तोंडाकडे धरला. हात इतका थरथरत होता की घास दोनदा मांडीवर पडला. कुणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा तो पोहोचला.

देवीपुढे हात न जोडणाऱ्या त्या माणसाने तोंड पुढे करून तो घास घेतला, आणि चावता चावता त्यांना रडू आवरेना. दोन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहत होते. माझे हात आपोआप जोडले गेले. कोणाला, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आता ते विचारावंसंही वाटत नाही.